ढवळेवस्ती फाट्याचा तारांकित प्रश्न

कामकाजाला सुरुवात

डाळज सोडून इंदापूरकडं निघालं की थोड्या वेळानं ढवळेवस्तीचा फाटा लागतो. म्हणजे पूर्वी लागायचा. आता पूल लागतो. महामार्ग रुंद झाला, फाट्यावरच्या चिंचा गेल्या, दोन्ही अंगांनी मातीचा भराव चढला आणि सोलापूरची वाहनं वस्तीच्या डोक्यावरून जायला लागली. एसटीसुद्धा. खाली सेवारस्ता आहे, शेड आहे, शेडवर वस्तीचं नाव आहे. गाडी तेवढी नाही.

पुलाखाली सोनबाचं चहाचं हॉटेल. वर धडधड झाली की तो गिऱ्हाइकाला बोट वर करून सांगायचा, "ऐका. आपली गाडी चालली."

लोक हसायचे. ठमाबाई हसायच्या नाहीत. त्यांची नात पायल बारावीला होती आणि तिचं कॉलेज इंदापुरात होतं.

पायलकडं एसटीचा पास होता, सरकार मुलींना देतं तो, बिनपैशाचा. ठमाबाईंना बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट. शेजारच्या रामभाऊंना तर वयामुळं तिकीटच माफ.

"समद्यास्नी समदं दिलंय सरकारनं," सोनबा म्हणायचा. "निस्ती गाडी द्यायची राहिली."

मग पोरी भरावावर चढायच्या, हातापायांनी, आणि पुलाच्या तोंडाशी कडेला उभ्या राहायच्या. ड्रायव्हरला दया आली तर गाडी थांबायची. एका सकाळी ट्रक इतका जवळून गेला की त्याच्या आरशाचा फटका पायलच्या दप्तराला बसला. ती गिरकी खाऊन पडली. खरचटण्यावर निभावलं. पण त्या दिवशी संभाजी, म्हणजे ठमाबाईंचा मुलगा आणि पायलचा बाप, ते फाटलेलं दप्तर मांडीवर घेऊन बसला आणि म्हणाला,

"बास. गाडी खाली यील तवा कॉलेज. तवर घरी."

"आन् न्हाय आली तर?" ठमाबाईंनी विचारलं.

"तर न्हाय."

(व्यत्यय.)

इथं पायल रडली, तिची आई मधे पडली, भांडं आपटलं गेलं. संभाजीनं मान वर केली नाही. तो वाईट माणूस नव्हता. भ्याला होता.

पटलावर ठेवलेले कागद

डेपोत गेलं तर ते म्हणाले, गाडीचा मार्ग पुलावरूनच दिलेला आहे. महामार्गवाल्यांकडं गेलं तर ते म्हणाले, आम्ही खाली रस्ता दिलाय, गाडी आमची नाही. ग्रामपंचायतीनं ठराव केला. ठराव दोन्हीकडं गेला आणि दोन्हीकडून एकाच सुरात उत्तर आलं: योग्य त्या ठिकाणी पाठवला आहे.

"हे योग्य ठिकाण हाय तरी कुठं?" ठमाबाई म्हणाल्या.

ते नागेशला माहीत होतं. नागेश म्हणजे ठमाबाईंच्या भवानीनगरच्या बहिणीचा मुलगा. बारामतीत विमा विकायचा. बारामतीत आपल्याला ओळखत नाही असा माणूस नाही, असं त्याचं स्वतःचं म्हणणं होतं. राज्यसभेच्या एका खासदारांचा स्वीय सहायक त्याचा पॉलिसीवाला निघाला. त्याच्याकडून नागेशनं वस्तीचा प्रश्न सभागृहात पोचवला आणि प्रश्नांच्या सोडतीत त्याची चिठ्ठीही निघाली.

"तारांकित हाय, मावशी!"

"म्हंजी?"

"म्हंजी मंत्री उभा राहून तोंडानं उत्तर देतो. बिनचांदणीचा आसला की निस्ता कागद."

उभा राहून. ठमाबाईंना हे फार पटलं. माणूस उभा राहिला, समोर तोंड करून बोलला, की त्याला शब्द फिरवणं जड जातं, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

"मंग मला ते बगायचंय."

"आये, टीव्हीवर दिसतं की," संभाजी म्हणाला. "सोनबाकडं लावू."

"टीव्हीवर लगीन बगून पोट भरतंय व्हय तुजं?"

पायल कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. आजीची पिशवी भरताना हळूच म्हणाली, "आज्जे, मंत्री व्हय म्हणाला तर लगीच फोन कर."

दर्शक दीर्घा

दिल्लीतल्या त्या इमारतीच्या दाराशी ठमाबाईंची मिश्रीची डबी काढून घेतली आणि बदल्यात बिल्ला दिला. पुढच्या दाराशी नागेशचा मोबाइल गेला, पेन गेलं. त्याच्या पुढच्या दाराशी एका पोलीस बाईनं हिंदीत बजावलं: बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. "काशीला जाताना बी एवढं सोडावं लागत न्हाय," ठमाबाई पुटपुटल्या. नागेशनं त्यांच्या कोपराला चिमटा काढला.

मग शेवटचं दार उघडलं.

ठमाबाई जिथल्या तिथं थांबल्या. मागच्या माणसाचा धक्का बसला तरी हलल्या नाहीत.

खाली लाल.

नुसतं लाल, आणि त्यात अर्धगोल ओळी, उताराच्या रानात सऱ्या वळवून काढाव्यात तशा. वर छत इतकं लांब की त्याच्याखाली आवाज कसा पोचत असेल याचीच काळजी वाटावी. पण आवाज पोचत होता. एक माणूस कुठंतरी खाली हळू बोलत होता आणि तो ठमाबाईंच्या कानाशी बसून बोलल्यासारखा ऐकू येत होता.

उंच खुर्चीवर सभापती. ते एक नाव घ्यायचे, एक माणूस उठायचा. ते "बसा" म्हणायचे, केवढाही मोठा असो, माणूस बसायचा. कधी नाही बसला, तर दहाजण उठायचे, गलका व्हायचा, आणि खुर्चीतला माणूस हाताचा पंजा नुसता खाली दाबायचा. गलका खाली दबायचा.

मधल्या टेबलाशी काहीजण मान खाली घालून लिहीत होते.

"ते काय लिवत्यात?"

"समदं," नागेश ओठ न हलवता म्हणाला. "हितं बोललेलं अक्षर आन् अक्षर."

"'बसा' म्हणल्यालं बी?"

"ते बी."

थोड्या वेळानं लिहिणारे उठले आणि दुसरे त्यांच्या जागी बसले. खालचं बोलणं एवढंही तुटलं नाही. गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालणारे बदलतात आणि काहिलीतल्या उकळत्या रसाला कळतही नाही, तसं. ठमाबाईंचा हात आपोआप पदराकडं गेला. त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला.

एकेक प्रश्न निघत होता. कुठल्या बेटावरचा धक्का. कुठल्या वाळवंटातली रेल्वे. कुठल्या नदीवरचा पूल, जिचं नाव ठमाबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. आणि प्रत्येक पुलाच्या दोन्ही टोकांना माणसं असणार, त्यांनाही कुठंतरी जायचं असणार. एवढी माणसं. देश इतका मोठा आहे हे ठमाबाईंना शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, कारण शाळेत त्या गेल्याच नव्हत्या. छातीत काहीतरी भरून आलं. भीती नव्हे, आनंदही नव्हे. उजनीचं पाणी पहिल्यांदा चढलं होतं तेव्हा, नवी नवरी असताना, बांधावरून बघताना असं झालं होतं.

आपला फाटा यादीत खालून दुसरा होता.

(सभापतींनी प्रश्नोत्तराचा तास संपल्याचं जाहीर केलं.)

"झालं?" ठमाबाईंनी विचारलं.

"झालं."

"आपला?"

मंत्री खुर्चीतून उठून कागद गोळा करत होते. म्हणजे उभे तर राहिले होते.

लेखी उत्तर

जेवणाच्या सुट्टीत खासदारांच्या माणसानं छापलेलं उत्तर आणून दिलं. न पोचलेल्या प्रश्नांची उत्तरं लेखीच देतात. बाहेरच्या झाडाखाली नागेशनं ते वाचलं.

(क) आणि (ख) सदर ठिकाणी सेवारस्ता उपलब्ध आहे. बसथांबे निश्चित करणे हा राज्याचा विषय आहे.

(ग) प्रश्न उद्भवत नाही.

"ह्या शेवटच्याचा काय अर्थ?"

"अर्थ ह्योच की, मावशी... तुमचं म्हणणं त्यास्नी म्हणणंच वाटत न्हाय."

ठमाबाईंनी कागदाची घडी घातली. पायल फोनपाशी बसली असणार. काय सांगायचं तिला? तुझ्या दप्तराला आरसा लागला तेही उद्भवलं नाही?

"फोन लावू?" नागेशनं विचारलं.

"थांब. दुपारचा पास हाय म्हणालास न्हवं?"

"तो आसाच, मावशी. दुपारी निस्ती चर्चा आसती. रस्ते, गाड्या, योजना. भाषणं हाणत्यात."

"आलोय तर ऐकू. मिश्री तर तितंच अडकलीया."

चर्चा

दुपारी मात्र सभागृह वेगळंच दिसलं. लाल ओळी तशाच, पण माणसं पांगलेली. खुर्चीत दुसरेच कोणी होते. एकजण कागद वाचत होता, दोघं एकमेकांच्या कानाशी लागले होते.

"कोरम हाय का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

कोरम त्यांना चांगला ठाऊक होता. नवरा गेल्यावर साखर कारखान्याचा शेअर त्यांच्या नावावर झाला, तेव्हापासून एकही वार्षिक सभा त्यांनी चुकवली नव्हती. मांडवात बायका फार नसायच्या. ठमाबाई पुढच्या रांगेत. चेअरमन विषय वाचायचे, "मंजूर का?" विचारायचे आणि मांडव ओरडायचा, "मंजूर!" एके वर्षी वस्तीच्या ऊसवाटेचा विषय निघाला तो नेमका पंगती बसायच्या वेळेला. ताटं वाजत होती. "मंजूर का?" कुणी बोललं नाही. विरोध कुणाचा नव्हता, लक्ष नव्हतं. चेअरमननी पान उलटलं. त्या हंगामात बैलगाड्या चिखलातच रुतल्या. त्यानंतर ठमाबाईंनी कुठल्याही चांगल्या विषयावर मांडव गप्प राहू दिला नाही. त्यांचा आवाज पार ट्रॅक्टरच्या रांगेपर्यंत जायचा.

खाली खुर्चीतल्या माणसानं नाव घेतलं आणि एक म्हातारी बाई उठली. डोंगरी मुलखातली, खांद्यावर विणलेली पट्ट्यापट्ट्यांची शाल. हिंदी तिची मोडकी होती, अगदी ठमाबाईंच्या हिंदीसारखी मोडकी, म्हणून शब्द न् शब्द कळला.

ती म्हणाली, आमच्याकडं मोठा रस्ता झाला. बोगदा झाला. चांगलं झालं. पूर्वी गाडी गावच्या दगडापाशी थांबायची, आता बोगद्यातून पलीकडं निघते. म्हाताऱ्यांना पेन्शन मिळते, ती शहरातल्या बँकेत. मुलींना शाळा फुकट आहे, ती बोगद्याच्या पलीकडं. सरकारनं सगळं दिलंय, मी नाही म्हणत नाही.

मग ती थांबली. बोटांनी शालीची कड चाचपली.

"सड़क बहुत अच्छा बना है. लेकिन सड़क हमको देखता नहीं."

ठमाबाई पुढं सरकून बसल्या. ह्या बाईनं ढवळेवस्ती पाहिलेली नाही. पुलाखालचा सोनबा हिला माहीत नाही, पायल माहीत नाही, फाटलेलं दप्तर माहीत नाही. हजारो कोसांवरून येऊन, परक्या भाषेत, ही आपल्या फाट्यावर उभी राहून बोलतेय.

घंटी वाजली. वेळ संपला. बाई म्हणाली, गाडी गावात आली पाहिजे, एवढीच मागणी. आणि ती आजूबाजूला बघत खाली बसली.

कुणी काही बोललं नाही. कागद वाचणारा वाचत होता. कानाला लागलेले लागलेलेच. खुर्चीतल्या माणसानं पुढचं नाव घ्यायला कागद उचलला.

पान उलटणार.

ठमाबाई उभ्या राहिल्या. हात वर गेला.

"मंजूर!"

उंच छताखाली तो शब्द गोल फिरला.

"मंजूर! मंजूर!"

कामकाजातून वगळलेला मजकूर

कागद वाचणाऱ्यानं मान वर केली. कानाला लागलेले सुटले. सगळ्यांची तोंडं वर. आणि डोंगरातली ती बाई बसल्या जागेवर पूर्ण मागं वळली. त्या दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. किती वेळ, ते ठमाबाईंना पुढं कधीच सांगता आलं नाही. बाईनं दोन्ही हात जोडले.

तोवर दोन पोलीस बायकांनी ठमाबाईंना दंडाला धरून दाराबाहेर नेलं होतं. जोरानं नाही, आजारी माणसाला नेतात तसं. नागेश मागून घामाघूम.

एका खोलीत एका अधिकारी बाईनं विचारलं, "कौन सा संगठन?"

"कारखाना," ठमाबाई म्हणाल्या. "सभासद हूं."

"चिल्लाया क्यों?"

"वो बाई अकेली पड़ी थी."

अधिकारी बाईनं लेखणी खाली ठेवली. थोडा वेळ तिनं ठमाबाईंच्या पायांकडं पाहिलं. पायात चपला नव्हत्या. सभागृहाच्या दाराशीच ठमाबाईंनी त्या काढून ठेवल्या होत्या. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. अधिकारी बाईनं कुणाला तरी पाठवून त्या आणवल्या.

सभागृह उठेपर्यंत बसवून ठेवलं, मग समज देऊन सोडलं. मिश्रीची डबी परत मिळाली. नागेशच्या मोबाइलवर खासदारांच्या माणसाचा निरोप होता: पुन्हा पाससाठी फोन करू नका, प्रश्नासाठीही नाही.

"संपलं, मावशी," नागेश म्हणाला. तो चिडलेला नव्हता, नुसता खचला होता. "एक वाट हुती, ती बी बुजली. कुणाच्या कुठल्या बाईसाठी! आपल्या पायलसाठी आलो हुतो न्हवं आपण?"

ठमाबाईंनी घरी फोन लावायला सांगितला. संभाजीनं उचलला नाही. पुन्हा लावला. नाही उचलला.

गाडीत बसल्यावर खिडकीतून मुलूख मागं पळत राहिला. त्यातल्या प्रत्येक पुलाखाली ठमाबाई बघत होत्या.

उर्वरित कामकाज

दौंडला उतरून नागेश बारामतीला गेला. ठमाबाई सकाळच्या इंदापूर एसटीत बसल्या. भिगवणला भरपूर माणसं चढली. ठमाबाई मनात पायलशी बोलत होत्या. बाळा, न्हाय जमलं. बाळा, तुझ्या आज्जीनं घाण केली.

"मावशी, ढवळेवस्तीला गाडी खाली जात न्हाय हां," कंडक्टर म्हणाला. "म्होरं सोडतो, तितनं चालत या."

"ठावं हाय, बाबा."

डाळज गेलं. पुलाचा चढ लागला. आणि गाडी मंदावली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "आरं, ह्यो कोण मराय हुबा राहिलाय?"

पुलाच्या तोंडाशी, पांढऱ्या रेघेच्या आत, एक माणूस उभा होता. काठीला बांधलेला लाल कपडा हलवत. त्याच्या पाठीशी, कठड्याला चिकटून, खांद्याला शिवलेलं दप्तर लावून, पायल.

गाडी थांबली. ठमाबाई उतरल्या. पायल चढता चढता अर्ध्यावर थबकली.

"आज्जे!"

"तू... कॉलेजला?"

"समद्यांनी ऐकलं, आज्जे! सोनबाकाकाच्या टीव्हीवर! तू दिसली न्हाईस, पर आवाज आला!"

"चला, चला," कंडक्टर ओरडला. "पुलावर सभा नगं!"

दार लागलं. गाडी गेली. काचेतून पायलचा हात हलत राहिला.

संभाजीनं काठी खाली केली. भरावाच्या उतारावर मातीनं भरलेली पोती एकावर एक रचलेली दिसत होती. पायऱ्या. त्याच्या विजारीला ढोपरापर्यंत माती होती. फोन का उचलला नाही, ते ठमाबाईंना कळलं.

"नागेश म्हणतो, वाट बुजली," त्या म्हणाल्या. "मी चुकले, संभा. गाडी काय खाली येत न्हाय आता."

"न्हाय आली तर न्हाय आली."

"मंग?"

"रोज आणून सोडायची. गाडी दिसंस्तवर हुबा राहायचं." तो काठीचा कपडा सोडवायला लागला. गाठ सुटेना. "समदं हॉटेल गप झालं, आये. सोनबासुदिक. रामभाऊ म्हणला, आरं ही तर आपली ठमी. तिकडं कोण परकी बाई, तू तिच्या पाठीशी हुबी राहतीस... आन् मी माज्या पोरीला घरात बसवून टीव्ही बगतोय." गाठ सुटली. "चल, खाली चल. वारं लागतंय."

"थांब जरा."

ठमाबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. पूल झाल्यापासून त्या कधी वर येऊन उभ्या राहिल्याच नव्हत्या. एका अंगाला ऊस, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेला, नजर पोचेल तिथवर. दुसऱ्या अंगाला, बाभळींच्या पलीकडं, उजनीचं पाणी, आणि त्यावर उन्हाची इतकी मोठी तिरीप की डोळे मिटून घ्यावे लागले. मधे वस्ती. आपलं घर त्यांना पटकन सापडेना. केवढंसं होतं. अंगणात कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. आणि रस्ता, इकडून येऊन तिकडं जाणारा, दोन्हीकडं न संपणारा, पायाखाली थरथरत होता.

"एवढं समदं दिसतंय हितनं," त्या म्हणाल्या.

एक ट्रक येत होता. संभाजीनं लाल कपडा खिशात कोंबला आणि आईच्या नि रस्त्याच्या मधे येऊन उभा राहिला. बघू दे तिला, म्हणून.